कंपोस्ट होणारी वनस्पतीजन्य फिल्म: शेवटी जाते कुठे?

पाऊलखूण (धागाकर्ती)

पाकिटावर हिरवं पान, त्याखाली 'वनस्पतींपासून बनवलेलं', आणि अगदी बारीक अक्षरात 'कंपोस्टेबल'. अशा पारदर्शक वेष्टनांचा सध्या सुकाळ आहे. या विषयावर जमेल तसं वाचतेय. हाती लागलं ते मांडते. ज्यांचा या धंद्याशी रोजचा संबंध आहे त्यांनी बिनधास्त खोडून काढावं.

झाडापासून पारदर्शक फिल्म काढायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. सेलोफेन म्हणजे तेच. जाक ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाने लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज विरघळवलं, अरुंद फटीतून आम्लात सोडलं आणि त्याची सलग फिल्म काढली. १९१२च्या सुमारास ती वेष्टनाला वापरता येईल इतकी पातळ आणि लवचीक झाली होती. पण पाण्याची वाफ तिच्यातून आरपार जायची. १९२७मध्ये ड्यू पाँटच्या विल्यम हेल चार्च यांनी तिच्यावर वाफ अडवणारा लेप चढवला, आणि मग सेलोफेन सगळीकडे पसरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन आली, स्वस्त आणि पाण्याला दाद न देणारी, आणि सेलोफेन मागे पडलं. आज 'नवी' म्हणून विकली जाणारी सेल्युलोज फिल्म बरीचशी त्याच घराण्यातली आहे. (तिच्या नेहमीच्या कृतीत कार्बन डायसल्फाइड हा चांगलाच विषारी द्रव लागतो. हे पानाच्या चित्राखाली कुणी छापत नाही.)

बाकीची घराणी थोडक्यात. स्टार्चची मिश्रणं. पीएलए, म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून किण्वनाने लॅक्टिक आम्ल आणि त्याची लांब साखळी. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअरचा नेचरवर्क्सचा मोठा कारखाना २००२पासून हे करतोय. पीएचए, जे काही जिवाणू आपल्या पोटात साठवणीचा माल म्हणून तयार करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लम्वान्य यांनी ते १९२०च्या दशकात ओळखलं. आणि समुद्री शेवाळापासूनच्या फिल्म.

माझा गोंधळ झाला तो इथे. फिल्म कशापासून बनली आणि ती कुजते का, या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ब्राझीलमध्ये ब्रास्केम उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिलीन बनवते. शंभर टक्के वनस्पतीजन्य, पण रेणू तोच, त्यामुळे नेहमीच्या प्लास्टिकइतकंच चिवट. उलट पीबीएटी नावाचं पॉलिमर साधारणपणे खनिज तेलापासून बनतं, आणि सूक्ष्मजीव ते खातात. बाजारातल्या बहुतेक मऊ कंपोस्टेबल पिशव्यांत हे पीबीएटी असतं, आणि बऱ्यापैकी असतं.

'कंपोस्टेबल' हा शब्द मात्र हवेतला नाही. युरोपचं ईएन १३४३२, अमेरिकेचं एएसटीएम डी६४००, आंतरराष्ट्रीय आयएसओ १७०८८ ही मानकं मोजमाप सांगतात. ईएन १३४३२चं उदाहरण घेते. १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे, आणि ही चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. जड धातूंना मर्यादा, आणि तयार खतात बी रुजून रोप नीट वाढलं पाहिजे.

५८ अंश हा आकडा लक्षात ठेवा. परसातल्या ढिगात इतकी ऊब सलग टिकत नाही. रस्त्याकडेच्या मातीत नाही, समुद्रात तर नाहीच.

म्हणून माझं मत असं बनलंय: अशी फिल्म ओल्या कचऱ्यासोबत ढिगापर्यंत जाणार असेल तरच तिला अर्थ आहे. बाकी ठिकाणी आपण फक्त मनाची समजूत विकत घेतो. तुम्हाला काय वाटतं?

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक गोष्ट पचत नाहीये. पीबीएटी तेलापासून आलं तरी सूक्ष्मजीव खातात आणि उसापासून आलेलं पॉलिथिलीन खात नाहीत, हे कसं काय?

---

रेणू

@वाचनमात्र, सूक्ष्मजीव वंशावळ विचारत नाहीत, त्यांना फक्त बंध दिसतात. पॉलिथिलीनच्या कण्यात कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन, एवढंच. एन्झाइमने कुठे कात्री लावायची? पीबीएटी, पीएलए, पीएचए ही सगळी पॉलिएस्टर आहेत, त्यांच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात आणि ते पाण्याने किंवा एन्झाइमने तुटतात. गंमत बघा, पानांच्या पृष्ठभागावरचं क्यूटिन हे झाडाने स्वतः बनवलेलं पॉलिएस्टरच आहे. ते फोडून आत शिरायला बुरशीने क्यूटिनेज नावाची एन्झाइम्स फार पूर्वीच तयार ठेवली आहेत. तीच पीबीएटीवरही चालतात. २०१८मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पीबीएटीतल्या कार्बनवर खूण करून माग काढला, तेव्हा तो कार्बन डायऑक्साइडमध्ये तर सापडलाच, मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरातही सापडला. म्हणजे नुसते तुकडे होत नाहीत, खरोखर खाल्लं जातं.

सगळी पॉलिएस्टर मात्र सारखी नाहीत. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) हेही पॉलिएस्टरच, पण त्यातली कार्बन अणूंची वलयं साखळीला इतकी ताठ ठेवतात की एन्झाइमला आत शिरताच येत नाही. पीबीएटीत अशा वलयांचं प्रमाण मर्यादित ठेवलेलं असतं. ते वाढवलं की फिल्म भक्कम होते आणि कुजणं थंडावतं.

पीएलएची तऱ्हा वेगळी. तिथे आधी पाणी साखळी तोडतं, लहान तुकडे झाले की मग सूक्ष्मजीव येतात. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली पीएलए काचेसारखं ताठ असतं, साखळ्या हलत नाहीत, पाणी सावकाश आत जातं. त्या तापमानाच्या वर ते सैल पडतं आणि वेग एकदम वाढतो. धाग्यातला ५८चा आकडा इथे येऊन भिडतो. गार मातीत पीएलएची फिल्म वर्षानुवर्षं पडून राहू शकते.

---

शंकासुर

छान. आता माझं नाव सार्थ करतो.

९० टक्के गेलं म्हणता. उरलेलं १० टक्के म्हणजे मायक्रोप्लास्टिकच ना? आणि चाळणी २ मिलिमीटरची. दीड मिलिमीटरचा तुकडा खाली पडला की पास! हे मानक कुणी लिहिलं, फिल्म बनवणाऱ्यांनी?

---

रेणू

चाळणीबद्दलचा प्रश्न रास्त आहे, पण ती चाचणी एकटी नसते. चाळणी फक्त तुकडे होतात का ते बघते. कार्बन डायऑक्साइडची चाचणी वेगळी, आणि दोन्हींत उत्तीर्ण व्हावं लागतं. नुसते बारीक तुकडे होऊन थांबणारा माल दुसरीत नापास होतो.

१० टक्क्यांचं म्हणाल तर, सूक्ष्मजीवांनी खाल्लेला सगळा कार्बन ते श्वासातून बाहेर टाकत नाहीत, थोडा स्वतःचं शरीर बांधायला वापरतात. तो कार्बन डायऑक्साइड म्हणून मोजला जात नाही. याच कारणाने त्याच चाचणीत शेजारी शुद्ध सेल्युलोज ठेवून तुलना करतात. तेही मोजणीत पूर्ण १००वर जाईलच असं नाही. त्यामुळे १० टक्के म्हणजे प्लास्टिक, हे गणित बरोबर नाही.

तुमच्या शंकेची खरी जागा वेगळी आहे. प्रयोगशाळेत १८० दिवस आणि कायम ५८ अंश. प्रत्यक्ष प्रकल्पात तेवढे दिवस आणि तेवढी ऊब मिळते का, हे इथे कुणी प्रकल्पवाले असतील तर सांगतील.

---

गांडूळमित्र

प्रकल्पवाला हजर आहे. (नाव गांडूळमित्र असलं तरी काम मोठ्या ढिगांचं. ६० अंशाच्या ढिगात गांडूळ टिकत नाही.)

ऊब मिळते, त्याची काळजी नको. ओला कचरा आणि लाकडाचा भुसा-काड्या यांचं प्रमाण जमलं, हवा खेळती राहिली की ढीग स्वतःच तापतो, कधी ६५च्या वर जातो आणि उलटावा लागतो. अडचण दिवसांची आहे. ढीग जितका लवकर हलेल तितकी जागा मोकळी, त्यामुळे गरम टप्पा मानकातल्या १२ आठवड्यांच्या आत उरकायचा दबाव सगळीकडे असतो. स्वयंपाकघरातला कचरा तेवढ्यात ओळखू येणार नाही इतका बदलतो. जाड पीएलए बदलत नाही. पातळ पिशवी बहुतेक वेळा जाते, पण ती कोरडी राहिली किंवा घडी होऊन गोळा झाली तर नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. पट्ट्यावरून कचरा सरकत असतो, माणूस दोन्ही बाजूंना उभा असतो, त्याला क्षणात ठरवायचं असतं. कंपोस्टेबल फिल्म आणि पॉलिथिलीन हाताला जवळपास सारखी लागतात, डोळ्याला तर नक्कीच. मग काय होतं? दोन्ही उपटली जातात. कितीतरी प्रकल्पांत पिशवी फाडणारं यंत्र सुरुवातीलाच असतं आणि फिल्म, कुठलीही असो, बाहेर जाते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या कंपोस्ट प्रकल्पांनी २०१९मध्ये जाहीरच सांगितलं की कंपोस्टेबल वेष्टनं आणि भांडी आमच्याकडे पाठवू नका.

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही. या फिल्मने खताला काय मिळतं? जवळजवळ शून्य. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. कार्बन आहे, तो हवेत जातो. प्रकल्पासाठी फिल्म म्हणजे सांभाळून घ्यायचा पाहुणा. ती स्वतः खत होणार म्हणून कुणी तिला बोलावत नाही.

तरीही मी तिच्या पूर्ण विरोधात नाही. कारण ती कचरा घेऊन येते. स्वयंपाकघरातला ओला कचरा वेगळा ठेवायला लोक का कंटाळतात? वास, चिलटं, डब्याच्या तळाला साचलेलं पाणी. पिशवी असली की लोक ठेवतात. इटलीत मिलानने २०१२पासून घराघरांतून ओला कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली तेव्हा कंपोस्टेबल पिशवी त्या व्यवस्थेचा भाग होती. त्यातून वेगळा निघालेला कचरा हा फायदा. पिशवी त्याचं भाडं.

---

पाऊलखूण

'पिशवी त्याचं भाडं' हे आवडलं. धाग्यात मी जे घोळवत बसले ते तुम्ही चार शब्दांत सांगितलंत.

---

एक्स्ट्रूडर

फिल्म ओढणाऱ्यांतर्फे मीही हजेरी लावतो. ब्लोन फिल्मच्या लाइनवर काम करतो, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक हवेने फुग्यासारखं फुगवून त्याची फिल्म काढतो. पॉलिथिलीन चालवणाऱ्याला हा माल पहिल्या आठवड्यात रडवतो, त्याची कारणं सांगितली तर 'कुठे शोभते' हेही आपोआप कळेल.

एक, ओल. पीएलएचा दाणा नीट वाळवून, बंद हॉपरमधून घ्यावा लागतो. ओला दाणा गरम बॅरलमध्ये गेला की पाणी साखळ्या तिथेच तोडतं. म्हणजे जे काम ढिगात व्हायचं ते मशीनमध्ये होतं. मग फुगा धरत नाही, फिल्म फाटत राहते.

दोन, ताठपणा. नुसत्या पीएलएची फिल्म चुरचुरते. २०१०मध्ये फ्रिटो-लेने सनचिप्सची पीएलएवर आधारलेली पिशवी अमेरिकेत आणली होती. तिचा आवाज इतका की लोकांनी टिंगल केली, विक्रीवर परिणाम झाला, आणि त्याच वर्षी बहुतेक प्रकारांची जुनी पिशवी परत आली. मऊपणा हवा म्हणून पीबीएटी घालतात. मूळ धाग्यात जे आश्चर्य व्यक्त झालंय त्याचं उत्तर हेच आहे: फुग्यावर चालणारी, मऊ, वजन पेलणारी पिशवी निव्वळ पीएलए किंवा स्टार्चमधून निघत नाही.

तीन, साठवण. बिलावर जे कुणी वाचत नाही ते हे. रोल गरम, दमट गोदामात पडला की महिन्यागणिक ताकद कमी होते. पॉलिथिलीनचा रोल कोपऱ्यात विसरला तरी चालतो, हा विसरून चालत नाही. साठा आधी आलेला आधी संपवायचा, थंड आणि कोरड्या जागी ठेवायचा, वर्षाच्या आत उडवायचा असं बहुतेक पुरवठादार सांगतात.

चार, वाफ. सगळ्यात महत्त्वाचं. पीएलए आणि स्टार्चमिश्रित फिल्ममधून पाण्याची वाफ पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या मानाने कितीतरी पट जास्त जाते. कुरकुरीत वस्तू आत ठेवली तर मऊ पडते, ओली ठेवली तर सुकते. वर धातूचा अगदी पातळ थर देऊन हे बरंच सावरता येतं, लेप दिलेल्या सेल्युलोज फिल्मही चांगल्या चालतात, पण खर्च आणि थर दोन्ही वाढतात. आणि आतला माल बिघडून फेकावा लागला तर वेष्टनाने वाचवलेलं सगळं गेलं. बहुतेक खाद्यपदार्थांत पदार्थ तयार करायला लागलेली जमीन, पाणी, इंधन हे वेष्टनाच्या कितीतरी पुढे असतं. जे लोक 'फिल्म बदला' म्हणून मागे लागतात त्यांना मी आधी विचारतो, आत काय ठेवणार आणि किती दिवस?

उलट काही ताज्या भाज्यांना थोडी वाफ बाहेर गेलेली हवीच असते, नाहीतर आत पाणी साचून बुरशी येते. तिथे हाच दोष गुण ठरतो.

---

शंकासुर

म्हणजे बाहेर 'वनस्पतीजन्य' आणि आत बऱ्यापैकी खनिज तेल. हे ग्राहकाला कुठे सांगितलंय? पानाचं चित्र काढायला परवाना लागत नाही वाटतं.

---

एक्स्ट्रूडर

कंपोस्टचं मानक वनस्पतीचा वाटा विचारतच नाही, हे खरं. तो वेगळा नियम लागतो. इटलीने फळ-भाजीच्या अतिपातळ पिशव्यांना कंपोस्टेबल असण्याखेरीज वनस्पतीजन्य वाट्याची अटही घातली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवली: २०१८पासून ४० टक्के, २०२०पासून ५०, २०२१पासून ६०. हे कार्बनच्या किरणोत्सारी समस्थानिकावरून तपासता येतं. तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात कार्बन-१४ उरलेला नसतो; कालपरवाच्या झाडात असतो. त्यामुळे इथे थाप मारली तर पकडता येते.

---

वाचनमात्र

कार्बन-१४ प्लास्टिकच्या पिशवीवर! पुरातत्त्ववाल्यांचा धंदा वाढला.

---

मातीचे_पाय

सगळे वेष्टनात अडकलेत, म्हणून शेतातली बाजू मांडतो. विषय जरा बाजूचा आहे, पण फिल्म तीच.

तण येऊ नये आणि ओल टिकावी म्हणून गादीवाफ्यावर मल्चिंगची फिल्म अंथरतात. पॉलिथिलीनची असेल तर हंगाम संपल्यावर ती उपटावी लागते, आणि जितकी पातळ तितकी ती उपटताना चिंध्या होऊन मातीत राहते. वर्षानुवर्षं साठत जाते. गोळा केलेली फिल्मही माती आणि मुळ्यांनी इतकी बरबटलेली असते की पुनर्वापरवाले हात लावत नाहीत. इथे जागेवरच कुजणारी फिल्म म्हणजे खरी सोय. नांगरून टाकायची, गोळा करायची मजुरी वाचली.

फक्त कंपोस्टचा दाखला इथे चालत नाही. माती ५८ अंशांवर नसते. युरोपात यासाठी २०१८मध्ये ईएन १७०३३ हे वेगळं मानक आलं: मातीत, साधारण २० ते २८ अंशांना, दोन वर्षांत ९० टक्के. थंड प्रदेशात, कोरड्या जमिनीत ते आणखी लांबू शकतं. आणि दर हंगामाला पुन्हा नवी फिल्म मातीत गेली तर जुनी संपायच्या आत नवी येणार, हा हिशोब ज्याने त्याने आपल्या जमिनीचा करावा.

---

गांडूळमित्र

+१. फिल्म गोळा करणंच जिथे शक्य नाही तिथे ती कुजणारी असावी. यावर माझं दुमत नाही.

---

नवी_पालवी

मी इथे नवीन. घरी बाल्कनीत छोटा कंपोस्टचा डबा आहे. कंपोस्टेबल लिहिलेली फिल्म त्यात टाकू का? साधं उत्तर द्या प्लीज, वरचं सगळं वाचून डोकं गरगरलं.

---

गांडूळमित्र

स्वागत. साधं उत्तर: 'घरगुती कंपोस्ट' असा स्पष्ट दाखला असेल तरच. नुसतं कंपोस्टेबल किंवा औद्योगिक लिहिलं असेल तर नको.

घरगुतीसाठी मानकं वेगळी आहेत. ऑस्ट्रेलियाचं एएस ५८१०, फ्रान्सचं एनएफ टी ५१-८००, आणि टीयूव्ही ऑस्ट्रिया या दाखला देणाऱ्या संस्थेचा 'ओके कंपोस्ट होम' शिक्का. तिथे चाचणी २० ते ३० अंशांना होते आणि कुजायला १२ महिने देतात. दाखला असला तरी बारीक तुकडे करा, डब्याच्या मधोमध ओल्या भागात दाबा, वर पसरून ठेवू नका. वर्ष उलटल्यावरही तुकडे दिसले तर उचलून टाका.

---

पाऊलखूण

@नवी_पालवी, यात एक भर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनभरच्या लोकांकडून घरच्या ढिगात हा प्रयोग करवून घेतला आणि २०२२मध्ये निष्कर्ष छापले. घरगुती कंपोस्टचा दाखला असलेल्या वस्तूंपैकी सुमारे ६० टक्के पूर्ण विरल्या नव्हत्या. प्रत्येकाचा ढीग वेगळा, ओल वेगळी, हवामान वेगळं.

प्लिमथ विद्यापीठाचा २०१९चा अभ्यासही बघण्यासारखा आहे. त्यांनी पिशव्या मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवल्या. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांच्या आत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही होती, फक्त वजन घेण्याइतकी राहिली नव्हती. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी मात्र तीन वर्षं माती-समुद्रात राहूनही सामान उचलत होती!

---

शंकासुर

समुद्रात तीन महिन्यांत गेली म्हणजे विरघळली की तुकडे होऊन वाहून गेली?

---

पाऊलखूण

डोळ्यांना दिसेनाशी झाली, एवढंच म्हणता येतं. नेमकं तेच, तुकडे कुठे गेले ते त्या मांडणीत मोजलं नव्हतं. त्यामुळे 'समुद्रात टाकली तरी चालते' असा अर्थ कुणी काढू नये.

---

पातेल्यातलं_रसायन

अवांतर: घरी स्टार्चची फिल्म करून बघायची असेल तर सोपं आहे. स्टार्च, पाणी, थोडं ग्लिसरीन, थोडं व्हिनेगर. मंद आचेवर घोटत राहायचं, पारदर्शक चिकट झालं की गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ पसरायचं आणि वाळू द्यायचं. मुलांना खूप मजा येते. फिल्म निघते, वाकते, पण ओल्या हाताने धरली की चिकट होते. आणि थोडे दिवस ठेवली तर कडकडीत होऊन मोडते. असं का होतं?

---

रेणू

स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात, सरळ अमायलोज आणि फांद्यांचं अमायलोपेक्टिन. शिजवल्यावर त्या विस्कटतात, ग्लिसरीन त्यांच्या मध्ये शिरून त्यांना सैल ठेवतं. पण दिवस जातात तशा या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून रांगेत बसू लागतात आणि फिल्म ताठ होते. शिळा भात कडक होतो तो याच कारणाने. शिवाय ग्लिसरीन हवेतल्या ओलाव्याबरोबर आत-बाहेर करतं. या दोन्ही कारणांनी बाजारात नुसत्या स्टार्चची फिल्म सहसा दिसत नाही. ते पीबीएटीसारख्या कशात तरी मिसळतात. इटलीच्या नोव्हामाँटचं माटर-बी हे त्याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण.

---

वाचनमात्र

आणि ते शेवाळाचं? धाग्यात एका ओळीत उरकलंत.

---

रेणू

तपकिरी शेवाळातून अल्जिनेट मिळतं. त्याचं द्रावण कॅल्शियमच्या क्षारात गेलं की लगेच जेल होतं, तापवावंही लागत नाही. लंडनच्या नॉटप्लाने याच तत्त्वावर पेयाचे छोटे फुगे केले, ते २०१९च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना दिले होते. २०२२चं अर्थशॉट पारितोषिकही त्यांना मिळालं. शेतजमीन नको, खत नको, गोडं पाणी नको, या जमेच्या बाजू. पण अल्जिनेटची फिल्म पाणी पिते. वस्तू काही मिनिटांत किंवा काही दिवसांत संपणार असेल तर उत्तम, महिनोन्महिने फळीवर राहायची असेल तर नाही.

---

शंकासुर

माझे अजून दोन मुद्दे, मग गप्प बसतो. (बसणार नाही.)

एक, ही फिल्म कंपोस्टऐवजी कचरा डेपोत गेली तर? तिथे हवा नाही, म्हणजे मिथेन. मग साधं प्लास्टिक बरं, निदान पडून तरी राहतं.

दोन, ती पुनर्वापराच्या ढिगात गेली तर? चांगल्या प्लास्टिकची नासाडी.

---

रेणू

पहिल्यावर: कुठली फिल्म त्यावर आहे. पीएलए डेपोच्या थंड पोटात फारसं हलत नाही, स्टार्च आणि सेल्युलोज हवेविना कुजतात आणि मिथेन देतात. डेपोतला वायू गोळा होत नसेल तर तुमचा मुद्दा बरोबर आहे. बंद टाकीत बायोगॅससाठी हेच वरदान ठरू शकतं, पण बहुतेक बायोगॅस टाक्यांत दिवस इतके कमी असतात की फिल्म अर्धवटच राहते आणि पुढे कंपोस्टचा टप्पा लागतो.

दुसऱ्यावर: पीएलएची घनता साधारण १.२४, पीईटीची १.३८. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे पाण्यावर तरंगवून वेगळं करण्याच्या पद्धतीत पीएलए पीईटीसोबतच जातं आणि थोडंसं मिसळलं तरी पीईटी गढूळ होतं. अवरक्त प्रकाशाने ओळखणारी यंत्रं दोघांना वेगळं काढतात. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांचं भागतं.

---

एक्स्ट्रूडर

फिल्मच्या बाबतीत यात एक दिलासा आहे: घाण लागलेली पातळ फिल्म तशीही फारशी कुणी पुनर्वापराला घेत नाही. म्हणून बाटलीपेक्षा फिल्ममध्ये कंपोस्टेबलचा युक्तिवाद जास्त पटतो. स्वच्छ, एकाच प्रकारच्या पॉलिथिलीनच्या रोलला मी कंपोस्टेबल करा असं कधीच सांगणार नाही.

---

पाऊलखूण

युरोपीय संघाचा वेष्टनांबद्दलचा नवा नियम, २०२५/४०, याच वाटेने गेलाय. सरसकट कंपोस्टेबल करा असं तो म्हणत नाही. फळांवरचे चिकट स्टिकर आणि चहाच्या झिरपणाऱ्या पिशव्या यांसारख्या मोजक्या गोष्टींना तो फेब्रुवारी २०२८पासून औद्योगिक कंपोस्टची अट घालतो. स्टिकर सालीबरोबर कचऱ्यात जाणारच, चहाची पिशवी चोथ्याबरोबर जाणारच. कुणी सोलून वेगळी करत नाही. ऑक्सो प्रकारच्या, म्हणजे उन्हाने-हवेने तुकडे व्हावेत म्हणून रसायन घातलेल्या प्लास्टिकवर तर तिथे जुलै २०२१पासून बंदीच आहे.

---

नवी_पालवी

शेवटचं विचारते. मी छोट्या प्रमाणावर साबण बनवते आणि त्यांना वेष्टन शोधतेय. पुरवठादार 'शंभर टक्के कंपोस्टेबल' म्हणतो. त्याला नेमकं काय विचारू?

---

एक्स्ट्रूडर

दाखल्याचा क्रमांक मागा आणि तो देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधून बघा. दाखला नुसत्या दाण्याचा आहे की तयार फिल्मचा, हे विचारा. पुष्कळदा कागद दाण्याचा दाखवतात. किती मायक्रॉनपर्यंत लागू आहे ते बघा, कारण दाखला ठरावीक जाडीपर्यंतच असतो आणि जाड फिल्म त्याच मालाची असूनही बाहेर पडते. औद्योगिक की घरगुती ते लिहून घ्या. तुम्ही वर छपाई करणार असाल, लेबल लावणार असाल, तर शाई आणि गोंदही त्यात बसले पाहिजेत. ईएन १३४३२मध्ये न तपासलेला घटक प्रत्येकी १ टक्क्याहून कमी आणि सगळे मिळून ५ टक्क्यांच्या आत असावे लागतात.

आणि साबण म्हणताय तर एक नमुना रोल आधी मागवा, त्यात साबण भरून दमट जागी काही आठवडे ठेवा. साबणाचा अल्कलीपणा आणि ओल दोन्ही पॉलिएस्टरला मानवत नाहीत. खरं सांगायचं तर कोरड्या साबणाला साधा कागद पुरतो, मला माल विकायचा असूनही सांगतो.

---

नवी_पालवी

कागद! हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या शाईचंही हेच सगळं विचारावं लागेल का?

---

गांडूळमित्र

छपाई थोडी आणि साधी ठेवा. वर मेणाचा किंवा प्लास्टिकचा चकचकीत थर नको. फाडून बघा, कडेला पातळ पापुद्रा सुटला तर तो कागद आमच्या ढिगाला नको.